न फाटलेल्या बॅगांची वाट

टाकेमावशीच्या दुकानात कुणी पाठीवरची बॅग दुरुस्तीला आणली, की ती आधी माणसाकडे बघायचीच नाही. बॅग उलटी करायची, बूड न्याहाळायची आणि मग मान वर करून विचारायची, सुळक्यावर गेला होतात ना, बसत बसत उतरलात ना? समोरचा चाट पडायचा. आता त्यात जादूबिदू काही नव्हती. सुळक्याच्या वाटेचा शेवटचा टप्पा इतका उभा, की भलेभले तिथे लाज सोडून बसून घसरतात आणि बॅगेचं बूड दोन्ही कोपऱ्यांत विरून जातं. खिंडीतून आलेल्या बॅगांचे खांद्याचे पट्टे उसवलेले असायचे, कारण वर पाण्याचा थेंब नाही, सगळं पाणी खालून वाहून न्यावं लागतं. रानातल्या वाटेने गेलेल्या बॅगांचे दोरे काट्यांनी ओढलेले. एकोणीस वर्षं ती बाजाराच्या गल्लीत, जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात बसून हे सगळं शिवत होती. शहराभोवतीचा एकूण एक डोंगर तिला पाठ होता आणि त्यातल्या एकावरही तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

ठेवायचं कारणच पडलं नव्हतं म्हणा. घर, मशीन, दुकान आणि काका.

काका म्हणजे तिचे यजमान. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. वीस-वीस मजल्यांच्या अंधाऱ्या पोकळीत दोरखंडाला लटकून काम करायचे आणि तिथे शिट्टी वाजवायचे. गाणं धड कुठलंच नाही, आपली एक चाल, वर जाते आणि मध्येच खाली येते. इमारतीतल्या लोकांना शिट्टीवरून कळायचं, की काका आता कितव्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट कधी सुरू होणार.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी स्वयंपाकघरात त्यांच्या छातीत कळ आली. मावशी बाहेरच्या खोलीत मशीनवर बसली होती. जाड कापड होतं, मशीन खडखडत होतं, काकांनी मारलेली हाक तिला ऐकूच आली नाही. ती चहा ठेवायला उठली तेव्हा ते ओट्याला टेकून जमिनीवर बसले होते. नशीब बलवत्तर, वेळेत दवाखान्यात पोचले, छातीत दोन बारीक नळ्या बसल्या, महिन्याभरात घरी आले. डॉक्टरीणबाईंनी तर नंतर स्पष्ट सांगितलं, की हृदय ठणठणीत आहे, चाला, जिने चढा, हवं तिथे जा. पण डॉक्टरांच्या कागदाचं एक आणि माणसाच्या मनाचं एक. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापलीकडे काका जाईनात. शिट्टी तर बंदच झाली.

आणि एक नवीनच रीत घरात शिरली. काका कुठेही हलले की सांगायचे. मी बाल्कनीत जातोय. मी आंघोळीला चाललोय. मी जरा आडवा होतोय. त्यावर मावशीने "हं" म्हणायचं. ती दुकानात असली तर फोन यायचा, की मी जिन्यात आहे, दूध आणायला निघालोय. मग दहा मिनिटांनी पुन्हा, की आलो. ही रीत कुणी घालून दिली नव्हती आणि तिच्याबद्दल दोघं कधी बोललीही नव्हती. सुई ओवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, तोंडात दोरा धरलेला असतानासुद्धा मावशीच्या घशातून ते "हं" आपोआप निघायचं. तिला त्याचा कंटाळा नव्हता. दिवसातून चाळीस वेळा कळत होतं की माणूस जिवंत आहे, त्यात कंटाळायचं काय? पण वाईट वाटायचं. वीस मजल्यांच्या पोकळीत लटकणारा माणूस बाल्कनीत जायची वर्दी देतो!

अशात एका संध्याकाळी तिने दुरुस्तीला आलेला, भाड्याने देण्याचा एक तंबू घरी आणला. कुठे बारीक भोकं पडलीत ते दुकानात दिसेना, म्हणून बैठकीच्या खोलीत खुर्च्यांना बांधून उभा केला आणि काकांना आत शिरायला सांगितलं. दिव्याचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा म्हणाली. काकांनी सात खुणा केल्या. मग आतून आवाजच येईना. ती वाकून बघते तर काका हाताची उशी करून उताणे पडलेले, वरच्या कापडाकडे बघत.

"एक रात्र अशा तंबूत झोपावं म्हणतो," ते म्हणाले. "बाहेर कुठेतरी. डोंगरात."

मावशीने काही उत्साह दाखवला नाही. एवढं शहाणपण तिला होतं. बघू या म्हणाली आणि भोकं बुजवायला बसली. आठ महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा कशाची तरी इच्छा केली होती. आणि तिला हेही पक्कं ठाऊक होतं, की गाठीशी संधी एकच आहे. पहिल्याच खेपेला दम लागला, पाणी संपलं, पाय घसरला, तर काका परत येऊन खाटेवर बसतील ते कायमचे. मग कुठला डोंगर आणि कुठली बाल्कनी. जागा अशी हवी की जिथे नवख्या माणसाला मान खाली घालावी लागणार नाही.

शोध सुरू झाला. आता हिच्याइतकी डोंगरांची माहिती कुणाला? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारू लागली, की पहिल्यांदाच मुक्काम करायचाय, वयस्कर माणूस आहे, सोपी जागा कुठली? लोकांना काय, सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. एक दाढीवाला म्हणाला, सुळका एकदम सोपा आहे, माझी आजीसुद्धा जाईल. हे सांगत असताना त्याच्याच बॅगेचं बूड मावशीच्या मांडीवर चाळणी होऊन पडलं होतं. एक बाई म्हणाल्या, खिंड उत्तम, फक्त पाणी तेवढं न्या, माणशी आठ लिटर. कुणी म्हणालं, रानातली वाट, तिथे चुकण्याची शक्यता फारच कमी, आम्ही दोनदाच चुकलो.

लोकांच्या बोलण्यावर विसंबण्यात अर्थ नाही, हे तिने ओळखलं. बॅग खोटं बोलत नाही. तिने भिंतीवरच्या काळ्या पाटीवर खडूने सगळ्या वाटांची यादी केली. जिथली बॅग फाटून आली ती वाट खोडायची. पहिल्या आठवड्यात पाच खोडल्या, दुसऱ्या आठवड्यात चार. एका कमी उंचीच्या टेकडीवर तिने आशा ठेवली होती, तर शुक्रवारी तिथून आलेल्या बॅगेचा पट्टाच मुळापासून उपटलेला. मावशीने पाटीवरची शेवटची ओळ खोडली आणि खडू टाकून दिला.

तिकडे काकांचा निश्चयही विरघळायला लागला होता. राहू दे गं, गुडघा बोलतोय हल्ली, असं त्यांचं दोनदा म्हणून झालं होतं. माणूस तिसऱ्यांदा तसं म्हणाला की विषय संपतो, हे लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या बाईला सांगावं लागत नाही.

तिच्या शेजारच्या टपरीत एक चावीवाला बसायचा. किल्ल्या बनवायचा, अडलेली कुलपं उघडायचा, आणि उरलेल्या वेळात मावशीच्या दुकानात काय चाललंय त्यावर लक्ष ठेवायचा. तो खोडलेली पाटी बघायला आला, चहाचा पेला हातात घेऊन. मावशी चिडूनच म्हणाली, की या शहराभोवती एकही सरळ वाट नाही, सगळीकडे नुसतं मरण मांडून ठेवलंय.

चावीवाल्याने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"मावशी, ज्यांची कुलपं नीट चालतात ते माझ्याकडे येतात का कधी?"

"ते कशाला येतील?"

"मग? पहिली पाच वर्षं मला वाटायचं, या गावात एक कुलूप धड नाही. बायकोला सांगायचो, चोरांची चंगळ आहे." त्याने चहा संपवला. "सोप्या वाटेवरची बॅग फाटेल कशाला, आणि फाटली नाही तर तुमच्यापर्यंत येईल कशाला?"

मावशीने पाटीकडे वळून पाहिलं. एकोणीस वर्षं फाटकं बघून बघून सगळं जगच फाटकं आहे असं ती धरून चालली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! स्वतःवर हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने चावीवाल्याचा पेला काढून घेतला आणि त्याला कामाला लाग म्हणून पिटाळलं.

रविवारी संध्याकाळी ती बसच्या तळावर जाऊन उभी राहिली. डोंगराकडच्या सगळ्या गाड्या तिथेच परततात. लोक नातेवाइकांचे चेहरे शोधत होते, ही बाई पाठी शोधत होती. एका गाडीतून चिखलाने माखलेली पोरं उतरली, एकाची बॅग दोरीने बांधलेली. ही तर उद्या माझ्याकडेच, असं मावशीने मनात म्हटलं. दुसऱ्या गाडीतून लंगडणारे उतरले. पाचवी की सहावी गाडी आली, मागच्या काचेला तडा गेलेली, आणि तिच्यातून एक सात-आठ वर्षांची मुलगी शाळेचं दप्तर पाठीला लावून उतरली. तिच्यामागून तिची आजी. आजीच्या पाठीवर जुनी निळी बॅग. मावशीने चष्मा सावरून जवळ जाऊन पाहिलं. बूड शाबूत, कोपरे शाबूत, पट्ट्याचे टाके जिथल्या तिथे. कापडाला फक्त गवताची कुसळं चिकटलेली.

"तुम्ही कुठे जाऊन आलात हो?" तिने जवळजवळ आजींचा दंडच धरला.

आजी आधी बिचकल्या, मग मोकळ्या झाल्या. एक तळं आहे म्हणाल्या. गाडी जिथे सोडते तिथून दीड तासाची वाट, बैलगाडी जाईल एवढी रुंद, चढ म्हणाल तर नावाला. काठावर वनखात्याची चौकी, रखवालदार रात्रीही असतो, तंबूला जागा तोच दाखवतो. जवळच ओढा, पाणी बारमाही. नको वाटलं तर कधीही उठून परत येता येतं, वाट चुकायला दुसरी वाटच नाही. मोठे गिर्यारोहक तिकडे फिरकत नाहीत, कारण सांगण्यासारखं काही घडत नाही. नातीला घेऊन आजी चौथ्यांदा जाऊन आल्या होत्या.

सांगण्यासारखं काही घडत नाही! मावशीला याहून गोड वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे दप्तरवालीला एक चॉकलेट घेऊन दिलं.

मग पुढचा आठवडा तिने काकांसाठी बॅग शिवण्यात घातला, आणि तिथेही माती खाल्लीच. बूड दुहेरी, त्याला आतून चामडं, पट्ट्यांना तिहेरी टाके, कडांना जाड फीत. सात जन्मांत फाटणार नाही अशी बॅग. काकांनी ती उचलली आणि आत काय भरलंयस म्हणून विचारलं. आत काहीच नव्हतं. ही बॅग न्यायला आणखी एक माणूस लागेल, असं काका म्हणाले आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा खळखळून हसले. मावशीचं तोंड जरा पडलं. पण रात्री जेवणं झाल्यावर ती निमूटपणे बसली आणि आपलेच टाके उसवले. चामडं काढलं, फीत काढली, साधं कापड ठेवलं. तळ्याच्या वाटेला तेवढं पुरे होतं.

शनिवारी सकाळी दोघं निघाली. तंबू भाड्याचा, सात भोकं बुजवलेला तोच. उकडलेली अंडी, केळी, चहाचं सामान, काकांच्या गोळ्या, आणि त्या गोळ्यांची आणखी एक पुडी मावशीच्या कमरेला. वाट आजींनी सांगितली तशीच निघाली. काका सावकाश चालले, पण चालले. रीत मात्र डोंगरातही सुटली नाही. मी त्या झाडाखाली थांबतो. हं. मी जरा बूट काढतोय. हं. मी रखवालदाराशी बोलून येतो. हं. रखवालदार मावशीकडे बघून हसला. दर शनिवारी तो अशी जोडपी बघत असणार.

तळं काही फार मोठं नव्हतं. पलीकडच्या काठावर दोन तंबू आणखी होते, एकात कुणाचं तरी तान्हं रडत होतं. तान्हं मूल येऊ शकतं म्हटल्यावर मावशीच्या जिवाला फार स्वस्थ वाटलं. दोघांनी तंबू उभारला, तो आधी वाकडा झाला, मग काकांनी लिफ्टवाल्याच्या नजरेने दोऱ्या ताणून सरळ केला. अंधार पडायच्या आत जेवण उरकलं. तळ्यावर रंग उतरला, मग विझला. काकांनी सांगितलं, की मी आता झोपतोय. मावशीने हं म्हटलं. ते लागलीच झोपले. मावशी मात्र कितीतरी वेळ त्यांच्या छातीवर हात ठेवून होती. शेवटी श्वास मोजता मोजता तिचाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा तंबूचं कापड उजेडाने पिवळं झालं होतं आणि शेजारची जागा रिकामी होती.

"अहो?"

उत्तर नाही.

तंबूची चेन बाहेरून नीट लावलेली. तिने ती ओढली, बाहेर आली. काकांचे बूट नव्हते. तळ्याच्या काठी कुणी नव्हतं. चौकीचं दार बंद होतं. मशीनचा खडखडाट तिला कानात ऐकू आला, खराखुरा, आणि ओट्याला टेकलेला तो माणूस दिसला. आपल्याला पुन्हा झोप लागली, पुन्हा हाक ऐकू आली नाही. अनवाणीच ती वाटेने धावली, दगड टोचत होते. कुणी सांगितलं होतं हे सोंग, कुणी सांगितलं होतं घर सोडायला, असं ती स्वतःलाच बोलत होती.

आणि ओढ्याकडच्या वळणापलीकडून शिट्टी ऐकू आली.

वर जाते आणि मध्येच खाली येते, ती चाल. मावशी जागच्या जागी थांबली. शिट्टी जवळ येत होती, चढ चढत होती, मध्ये दमासाठी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग वळणावरून काका आले, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, विजारीचे पाय ओले, कपाळावर घाम.

तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी ती भडकली.

"सांगून जायला काय झालं होतं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ते खरोखरच आठवू लागले. कपाळाला आठी पडली, तोंड थोडं उघडं राहिलं.

"विसरलोच बघ," ते म्हणाले.

मावशी मटकन दगडावर बसली आणि रडायला लागली, हमसून हमसून, नाक पदराला पुसत. काका घाबरले. बाटल्या खाली ठेवून तिच्याजवळ वाकले, कुठे लागलं का विचारलं, पाय बघू म्हणाले, अनवाणी कशाला आलीस म्हणून रागावले. तिला सांगता येईना. पाणी आणावंसं वाटलं म्हणून पाणी आणायला निघालेला, आपल्याला हृदय आहे हेच विसरलेला हा माणूस तिला आठ महिन्यांपासून हवा होता, हे त्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं? शेवटी काकांनी विचारलं, चहा ठेवू का? मावशी म्हणाली, "हं."

सोमवारी तिने दुकान उघडलं तेव्हा काकांची बॅग तिच्या हातात होती. तिने ती सवयीने उलटी केली. बूड शाबूत, टाके जिथल्या तिथे, तीन कुसळं. कुसळं तिने काढली नाहीत. बॅग दारातल्या खिळ्याला, येणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी टांगली, आणि काळी पाटी पुसून तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी विचारावं.

बारा वाजले, एक वाजला. चावीवाल्याने टपरीतून मान काढून विचारलं, की आज तुमचा फोन कसा नाही वाजला, बिघडला की काय?

"नाही," मावशी म्हणाली, "आता नीट चालतोय." आणि समोरच्या गिऱ्हाइकाची बॅग तिने ओढून घेतली.